वाचकांचे प्रश्न : पराभवांचा रकाना आधी वाचावा

गेल्या अंकात या सदरात अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलच्या नियमांची तोंडओळख करून दिली होती. त्यानंतर कोल्हापूर शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांत नियमांविषयीच्या शंका थोड्या आणि हंगामाच्या शेवटच्या महिन्याविषयीच्या शंका पुष्कळ होत्या. मुले किंवा नातवंडे अमेरिकेत असल्यामुळे एखाद्या संघाचा लळा लागला, पण सप्टेंबर आला की गुणतक्ता कळेनासा होतो, अशी बहुतेकांची तक्रार दिसते. त्यातील निवडक पत्रे पुढे दिली आहेत. ज्यांचे प्रश्न सारखे होते त्यांनी एकाच उत्तरात आपले उत्तर शोधावे, ही विनंती.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो आहे. मुलगा डेट्रॉइटजवळ नोकरीला असल्यामुळे मी डेट्रॉइट टायगर्स या संघाचा पाठीराखा झालो. २०२५ च्या जुलैत हा संघ आपल्या गटात इतका पुढे होता की मी निर्धास्त झालो होतो. पण सप्टेंबर संपता संपता क्लीव्हलँड गार्डियन्सने त्याला मागे टाकले. तरीही डेट्रॉइट बाद झाला नाही, आणि पुढच्याच आठवड्यात त्याने क्लीव्हलँडला क्लीव्हलँडमध्येच हरवले. मुलाला विचारले तर तो म्हणतो, "बाबा, बेसबॉल असाच असतो." हा तक्ता नेमका वाचायचा कसा आणि आघाडी वितळताना ती आधी ओळखू येते का? (एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर)

उत्तर : आपल्या चिरंजीवांचे म्हणणे खोटे नाही, परंतु उत्तर देताना त्यांनी हात फारच आखडता घेतला आहे.

मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० संघ आहेत. ते अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग यांत विभागलेले असून प्रत्येक लीगमध्ये ईस्ट, सेंट्रल आणि वेस्ट अशा तीन डिव्हिजन, आणि प्रत्येक डिव्हिजनमध्ये ५ संघ अशी रचना आहे. डेट्रॉइट आणि क्लीव्हलँड हे दोघेही अमेरिकन लीगच्या सेंट्रल डिव्हिजनमध्ये खेळतात. मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. बरोबरी झाली तर जादा इनिंग (डाव) खेळवून निकाल लावतात, त्यामुळे तक्त्यात गुण नसतात, फक्त विजय आणि पराभव असतात. दोन संघांमधील अंतर सामन्यांत मोजतात. पुढच्या संघाचे जितके विजय जास्त आणि मागच्या संघाचे जितके पराभव जास्त, त्या दोन आकड्यांची बेरीज करून तिचे निम्मे केले की हे अंतर मिळते. ८ जुलै २०२५ रोजी डेट्रॉइटचे ५९ विजय व ३४ पराभव होते, तर क्लीव्हलँडचे ४२ विजय व ४८ पराभव. विजयांतील फरक १७, पराभवांतील फरक १४, बेरीज ३१ आणि तिचे निम्मे साडेपंधरा. म्हणजे क्लीव्हलँड साडेपंधरा सामन्यांनी मागे होते. इतक्या पिछाडीवरून डिव्हिजन जिंकल्याचे उदाहरण त्यापूर्वी या लीगच्या इतिहासात नव्हते, म्हणून आपण निर्धास्त झालात यात आपला काहीच दोष नाही.

मात्र हा साडेपंधराचा आकडा दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करून बनतो, आणि हंगाम उतरणीला लागला की त्या वेगळ्या करूनच पाहाव्या लागतात. पावसाने पुढे ढकललेले सामने आणि विश्रांतीचे दिवस यांमुळे कोणत्याही दिवशी दोन संघांनी सारखेच सामने खेळलेले असतील असे नाही. ज्याचे सामने शिल्लक आहेत त्याला विजय अजून मिळवता येतात. झालेला पराभव मात्र खर्च झालेल्या पैशासारखा असतो, तो परत येत नाही. म्हणून अमेरिकेतील मुरलेला प्रेक्षक ऑगस्टनंतर प्रथम पराभवांचा रकाना वाचतो. प्रतिस्पर्ध्यापेक्षा आपले पराभव किती कमी आहेत, हीच आपली खरी शिल्लक. सामन्यांचे अंतर साडेतीन दिसत असले तरी पराभवांतील फरक तीनच असेल, तर अर्ध्या सामन्याचा जादा दिलासा घेऊ नये.

आता आपल्या संघाचे काय झाले ते पाहू. डेट्रॉइटचा हंगाम ८७ विजय व ७५ पराभवांवर संपला आणि क्लीव्हलँडचा ८८ विजय व ७४ पराभवांवर. वरच्या ८ जुलैच्या आकड्यांतून वजाबाकी केली तर त्यानंतरच्या काळात डेट्रॉइटने २८ सामने जिंकले व ४१ गमावले, तर क्लीव्हलँडने ४६ जिंकले व केवळ २६ गमावले, असे दिसते. वर्तमानपत्रांनी याला सप्टेंबरमधील कोसळणे म्हटले. मला ते अर्धसत्य वाटते, कारण घसरण जुलैतच सुरू झाली होती. तरुण पिचर (चेंडू फेकणारा खेळाडू) जॅक्सन जोब याच्या कोपरावर जूनमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि जुलैअखेरीस रीस ऑल्सन खांद्याच्या दुखापतीने उरलेल्या हंगामाला मुकला. सामन्याची सुरुवात करणारे पिचर, ज्यांना तिकडे स्टार्टर म्हणतात, ते साधारण पाच असतात आणि आळीपाळीने, म्हणजे दर पाचव्या किंवा सहाव्या दिवशी मैदानात उतरतात. त्यांतील दोन जण गळाले की दर आठवड्याला निदान दोन सामने उसन्या खांद्यांवर खेळावे लागतात. खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत जुलैअखेरीस संपते. त्या मुदतीत डेट्रॉइटने ख्रिस पॅडॅक आणि चाळिशी ओलांडलेला चार्ली मॉर्टन यांना आणून भोक बुजवण्याचा प्रयत्न केला, पण मॉर्टनला तर सप्टेंबर संपण्याआधीच संघातून मोकळे करण्यात आले. ज्याने त्या वेळी विजयांच्या आकड्याऐवजी रोज कोण पिचिंग करणार आहे याची यादी वाचली असती, त्याला धोका ऑगस्टमध्येच दिसला असता.

उलट बाजूला क्लीव्हलँडने सप्टेंबरमध्ये सहा स्टार्टर आळीपाळीने वापरले, त्यामुळे प्रत्येकाला एक दिवसाची जादा विश्रांती मिळाली. त्यांचा शेवटची इनिंग सांभाळणारा नेहमीचा क्लोजर जुलैअखेरीपासून संघाबाहेर असूनही त्यांनी सामने हातचे जाऊ दिले नाहीत. विशेष म्हणजे पूर्ण हंगामात क्लीव्हलँडने केलेल्या धावा त्यांनी दिलेल्या धावांपेक्षा किंचित कमीच होत्या. म्हणजे हा संघ डोळे दिपवणारा होता असे नव्हे. अटीतटीचे सामने त्याने आपल्या बाजूला वळवले, एवढेच.

आघाडी वितळण्याचा वेग दुपटीने वाढतो तो समोरासमोरच्या सामन्यांत, आणि हे तक्त्यात दिसत नाही, वेळापत्रकात दिसते. प्रतिस्पर्धी तिसऱ्याच संघाशी खेळून जिंकला तर अंतर अर्ध्या सामन्याने घटते. पण तो तुम्हालाच हरवतो तेव्हा त्याचा एक विजय वाढतो, तुमचा एक पराभव वाढतो आणि अंतर पूर्ण सामन्याने कमी होते. १६ ते १८ सप्टेंबर या तीन दिवसांत क्लीव्हलँडने डेट्रॉइटमध्ये येऊन तिन्ही सामने जिंकले आणि अंतर साडेतीन सामन्यांवर आले. २३ तारखेला पुन्हा गाठ पडली, या वेळी क्लीव्हलँडमध्ये, आणि त्या पहिल्याच सामन्यानंतर दोघेही ८५ विजय व ७२ पराभव अशा बरोबरीत आले. त्या मालिकेतील दुसरा सामनाही क्लीव्हलँडने जिंकला, तिसरा डेट्रॉइटने. दहा दिवसांतील त्या सहा सामन्यांपैकी पाच गमावल्यावर डिव्हिजन हातची जाणार हे स्पष्टच होते. त्यातच दोघांमधील वर्षभराच्या १३ सामन्यांपैकी ८ क्लीव्हलँडने जिंकलेले असल्यामुळे अखेरीस बरोबरी झाली असती तरी मान त्यांनाच मिळाला असता.

डेट्रॉइट बाद का झाला नाही, याचे उत्तर सोपे आहे. २०२२ पासून प्रत्येक लीगमधून ६ संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, जातात : तीन डिव्हिजनचे विजेते आणि उरलेल्यांतील सर्वोत्तम तीन, ज्यांना वाइल्ड कार्ड म्हणतात. २७ सप्टेंबरला बोस्टनमध्ये २-१ असा विजय मिळवून डेट्रॉइटने आपले वाइल्ड कार्ड पक्के केले. पहिली फेरी तीन सामन्यांची असते व ती सगळी वरच्या क्रमांकाच्या संघाच्या घरी होते, म्हणून पुन्हा क्लीव्हलँड. तेथे पहिल्या सामन्यात टॅरिक स्कूबल याने १४ बॅटरना स्ट्राइक आउट, म्हणजे चेंडू टोलवू न देताच बाद, केले आणि डेट्रॉइटने तो सामना २-१ असा जिंकला. दुसरा गमावला, तिसरा ६-३ असा घेतला. तीन सामन्यांच्या फेरीत एक असामान्य पिचर जेवढा फरक पाडतो तेवढा १६२ सामन्यांच्या हंगामात पाडू शकत नाही, कारण हंगामात तो सरासरी पाच सामन्यांतून एकदाच दिसतो. महिनाभर हरणारा संघ आणि आठवड्याने जिंकणारा संघ हे दोन्ही आपलेच टायगर्स होते, यात विसंगती नाही.

आपल्यासारख्या पाठीराख्याने २०२४ चा हंगामही विसरू नये. त्या वर्षी १० ऑगस्टला डेट्रॉइटचे ५५ विजय व ६३ पराभव होते आणि जुलैअखेरीस व्यवस्थापनाने जॅक फ्लॅहर्टी या चांगल्या पिचरला लॉस एंजेलिस डॉजर्सकडे देऊन जणू हंगाम सोडून दिला होता. त्यानंतर त्यांनी ४४ पैकी ३१ सामने जिंकले आणि २०१४ नंतर प्रथमच प्लेऑफ गाठला. व्यवस्थापक ए. जे. हिंच यांच्याकडे तेव्हा भरवशाचे स्टार्टर एक-दोनच होते. उरलेल्या दिवशी ते एका सामन्यात पाच-सहा पिचर थोडे थोडे वापरून वेळ मारून नेत. त्या वर्षी ही युक्ती फळली. पुढच्या वर्षी तिच्यावर जास्त भार पडला, असे माझे मत आहे.

प्रश्न : सप्टेंबरमध्ये बातम्यांत मॅजिक नंबर दिसतो. तो रोज एकने, कधी दोनने कमी होतो, तर कधी दोन दिवस हलत नाही. हा आकडा कोण ठरवते? (एक वाचक, गडहिंग्लज)

उत्तर : कोणी ठरवत नाही, तो आपण घरी वहीवर काढू शकता. १६३ या आकड्यातून आघाडीवरील संघाचे विजय वजा करावेत आणि मग दुसऱ्या क्रमांकाच्या संघाचे पराभव वजा करावेत. समजा, आपल्या संघाचे ८८ विजय आहेत आणि पाठलाग करणाऱ्याचे ७० पराभव आहेत, तर १६३ वजा ८८ वजा ७० म्हणजे ५. आपला प्रत्येक विजय आणि त्यांचा प्रत्येक पराभव या पाचातून एक कमी करतो, म्हणून एकाच दिवशी दोन्ही घडले तर आकडा दोनने उतरतो. आपण हरलो आणि ते जिंकले तर तो जागचा हलत नाही. शून्य झाला की पहिले स्थान पक्के.

१६२ सामन्यांच्या हंगामात १६३ कोठून आले, अशी शंका गणिताच्या शिक्षकांना येईलच. तो जादाचा एक बरोबरी टाळण्यासाठी आहे. पूर्वी बरोबरी झाली तर १६३ वा सामना खरोखर खेळवत असत. २०२२ पासून तो बंद झाला, आणि आता दोन संघांची बरोबरी झाली तर आपसातील सामने कोणी जास्त जिंकले ते प्रथम पाहतात. त्यामुळे आपसातील हिशेब ज्याच्या बाजूने आहे त्याचा मॅजिक नंबर प्रत्यक्षात एकने कमीच धरावा. मला व्यक्तिशः १६३ वा सामना गेल्याची हळहळ वाटते, पण तो मुद्दा निराळा.

बरोबरीचा हा नियम किती निर्दय ठरतो ते २०२४ मध्ये दिसले. हेलीन चक्रीवादळामुळे अटलांटातील दोन सामने हंगाम संपल्यावर, सोमवारी ३० सप्टेंबरला, एकाच दिवशी खेळवावे लागले. न्यूयॉर्क मेट्सने पहिला ८-७ असा जिंकला आणि अटलांटा ब्रेव्ह्जने दुसरा ३-० असा. दोघांचेही ८९ विजय झाले आणि दोघेही प्लेऑफमध्ये गेले. ॲरिझोना डायमंडबॅक्सचेही नेमके ८९ विजय होते, पण आपसातील सामन्यांत मागे असल्यामुळे ते बाहेर राहिले. त्यांचा हंगाम आदल्याच दिवशी संपला होता आणि दुसऱ्यांचे सामने दूरचित्रवाणीवर पाहण्यापलीकडे त्यांच्या हाती काही उरले नव्हते. त्या दिवशी एकाच संघाने दोन्ही सामने जिंकले असते तर ॲरिझोना आत असते.

प्रश्न : माझे यजमान आणि मी दोघेही सामने पाहतो, पण वेळांचा मेळ बसत नाही. शेवटचा पंधरवडा बहुधा नवरात्राच्या आसपास येतो. घटस्थापना, अंबाबाईचे दर्शन, घरचे पाहुणे हे सगळे सांभाळून कोणते सामने पाहावेत? (एक वाचिका, राजारामपुरी)

उत्तर : सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे आणि पश्चिम किनाऱ्याचे साडेबारा तास मागे असते. डेट्रॉइटमध्ये संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटांनी सुरू होणारा सामना आपल्याकडे पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी लागतो. सिअ‍ॅटल किंवा लॉस एंजेलिसमधील सायंकाळचा सामना आपल्याकडे सकाळी पावणेआठच्या सुमारास, म्हणजे ऐन डब्यांच्या आणि पूजेच्या वेळी. सर्वांत सोयीचे ते पूर्वेकडील दुपारचे सामने, कारण ते आपल्याकडे रात्री साडेदहा-पावणेअकराला सुरू होतात. २०२३ मध्ये पिचरला वेळेचे बंधन घालणारे घड्याळ आल्यापासून नऊ इनिंगचा सामना सरासरी दोन तास चाळीस मिनिटांच्या आसपास आटोपतो, म्हणून दीडच्या आत झोपता येते.

सगळे पाहण्याचा हव्यास धरू नये. समोरासमोरची मालिका असेल तर ती पाहावी, आणि बाकी दिवशी सकाळी धावफलक वाचून समाधान मानावे. अपवाद शेवटच्या रविवारचा. त्या दिवशी एकाचा निकाल पाहून दुसऱ्याने डाव आखू नये म्हणून सर्व सामने जवळजवळ एकाच वेळी सुरू करतात. तिकडे दुपारचे तीन, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीनंतर साडेबाराच्या सुमारास. एक रात्र जागायचीच असेल तर ती ही.

जागरणाचे चीज होते का, तर २०११ मध्ये झाले असते. २८ सप्टेंबरच्या त्या शेवटच्या रात्री बोस्टन रेड सॉक्स आणि टँपा बे रेज वाइल्ड कार्डसाठी बरोबरीत होते. टँपा न्यूयॉर्क यँकीजविरुद्ध आठव्या इनिंगमध्ये ०-७ असे मागे होते, तेथून बरोबरी करून बाराव्या इनिंगमध्ये एव्हन लाँगोरियाच्या होम रनवर ते जिंकले. त्याच्या काही मिनिटेच आधी बोस्टनने बाल्टिमोरमध्ये नवव्या इनिंगमध्ये हातचा सामना घालवला होता. आपल्याकडे तेव्हा २९ तारखेचे सकाळचे साडेनऊ वाजले होते. सप्टेंबरच्या सुरुवातीला बोस्टनची आघाडी नऊ सामन्यांची होती आणि त्या महिन्यात त्यांनी ७ जिंकून २० गमावले.

प्रश्न : मी शिवाजी पेठेत राहतो आणि फुटबॉल खेळतो. शाहू स्टेडियमवर स्पर्धेतून बाद झालेल्या संघाचा सामना पाहायला फारसे कोणी थांबत नाही. बेसबॉलमध्ये तर निम्म्याहून अधिक संघ सप्टेंबरमध्येच बाद होतात आणि खालच्या लीगमध्ये घसरण्याची भीतीही नाही. मग ते मनापासून खेळतात कशावरून? (महाविद्यालयीन विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : शंका रास्त आहे, आणि उत्तर संघासाठी वेगळे व खेळाडूसाठी वेगळे आहे. युरोपातील फुटबॉलप्रमाणे शेवटचा संघ खाली ढकलला जात नाही हे खरे. उलट नव्या खेळाडूंच्या निवडीत वाईट कामगिरी करणाऱ्या संघांना आधी संधी मिळते, त्यामुळे हरण्याचा मोह व्यवस्थापनाला होऊ शकतो. तो आटोक्यात ठेवण्यासाठी २०२३ च्या निवडीपासून पहिल्या सहा क्रमांकांसाठी सोडत काढतात. शिकागो व्हाइट सॉक्सने २०२४ मध्ये १२१ सामने गमावले, आधुनिक काळातील हा नीचांक आहे. तरी पुढच्या निवडीत त्यांना पहिला क्रमांक मिळाला नाही.

खेळाडूचे मात्र तसे नाही. १ सप्टेंबरला संघातील जागा २६ वरून २८ होतात आणि संघाच्या खालच्या लीगमधील शाखांतून बोलावलेल्या तरुणाला महिनाभरात आपली योग्यता दाखवायची असते. ज्याचा करार संपत आहे त्याची पुढची किंमत याच आकड्यांवर ठरते. ज्याला काही गमवायचे नाही असा संघ दावेदाराला अडचणीत आणू शकतो, म्हणून आपल्या संघाचे उरलेले सामने दुबळ्या संघांशी आहेत असे म्हणून खूश होण्यापूर्वी त्या दुबळ्या संघात कोणते नवे पिचर आले आहेत ते पाहावे. दावेदार संघाने त्या पिचरच्या चेंडूंचा पूर्वी कधी सामना केलेला नसतो.

प्रश्न : हंगामाच्या शेवटी जो संघ जोरात असतो तोच पुढे विजेता होतो, असे समालोचक सांगतात. हे खरे मानावे का? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : मानू नये. समालोचकाला रोज तीन तास बोलायचे असते, हेही ध्यानात घ्यावे.

२००० मध्ये न्यूयॉर्क यँकीजने शेवटच्या १८ पैकी १५ सामने गमावले आणि महिन्याभरात वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधील अंतिम मालिका, जिंकली. २००६ मध्ये सेंट लुइस कार्डिनल्सची मोठी आघाडी शेवटच्या दोन आठवड्यांत जवळजवळ नाहीशी झाली, ८३ विजयांवर ते कसेबसे आत आले, आणि विजेतेपद त्यांनाच मिळाले. याउलट २००७ मध्ये कोलोरॅडो रॉकीजने २२ पैकी २१ सामने जिंकत वर्ल्ड सिरीज गाठली. तेथे आठ दिवस प्रतिस्पर्ध्याची वाट पाहत बसावे लागले आणि मग रेड सॉक्सने त्यांना सरळ चार सामन्यांत हरवले. २००१ मध्ये ११६ सामने जिंकलेला सिअ‍ॅटल मरिनर्स वर्ल्ड सिरीजपर्यंतही पोहोचला नाही. अशी उदाहरणे दोन्ही बाजूंनी देता येतात, आणि त्यातूनच कळते की मागच्या पंधरा दिवसांतील निकाल पुढच्या पंधरा दिवसांविषयी फार थोडे सांगतात.

त्यापेक्षा दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, हंगामभरात केलेल्या आणि दिलेल्या धावांतील फरक. बिल जेम्स या अभ्यासकाने सुचवलेल्या सूत्रानुसार केलेल्या धावांचा वर्ग भागिले केलेल्या व दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज, एवढ्यावरून संघाचे अपेक्षित विजय बऱ्यापैकी जवळ येतात. उदाहरणादाखल, ७२० धावा करून ६८० देणाऱ्या संघाने १६२ पैकी ८५-८६ सामने जिंकायला हवेत. त्याने प्रत्यक्षात ९३ जिंकले असतील तर त्याला नशिबाची साथ मिळाली आहे असे समजून चालावे. वर क्लीव्हलँडचे जे सांगितले ते याच अर्थाने वाचावे, आणि पहिल्याच फेरीत त्यांचे जे झाले तेही.

दुसरी गोष्ट, शेवटच्या आठवड्यात पिचर कसे वापरले जात आहेत. या बाबतीत १९६४ च्या फिलाडेल्फिया फिलीजइतके बोलके उदाहरण नाही. १२ सामने उरले असताना ते साडेसहा सामन्यांनी पुढे होते. पराभव सुरू झाले तसे व्यवस्थापक जीन मॉक यांनी जिम बनिंग आणि ख्रिस शॉर्ट या आपल्या दोन उत्तम पिचरना दोन-दोन दिवसांच्याच विश्रांतीवर पुन्हा पुन्हा उतरवले. थकलेल्या खांद्यांनी सामने गेले, सलग १० पराभव झाले आणि नॅशनल लीगचे विजेतेपद कार्डिनल्सकडे गेले. मॉक घाबरले असा आरोप पुढे वर्षानुवर्षे झाला. माझ्या मते ते घाबरले नव्हते, त्यांना मोजमाप चुकले : समोरचा एक सामना वाचवण्यासाठी त्यांनी पुढचे तीन पणाला लावले. आजचे व्यवस्थापक नेमके उलटे वागतात. स्थान पक्के झाले की ते आपल्या पहिल्या क्रमांकाच्या पिचरला रविवारी बसवतात, म्हणजे तो मंगळवारी प्लेऑफच्या पहिल्या सामन्यात ताजातवाना असतो. तो रविवारचा सामना संघ हरला तर त्याचा शोक करण्याचे कारण नाही. उलट शेवटच्या रविवारी स्थान पक्के करण्यासाठी त्याच पिचरला खेळवावे लागले, तर तो संघ जिंकूनही लंगडत आत आला आहे असे समजावे.

२०२५ मध्ये डेट्रॉइटची दुसरी फेरी सिअ‍ॅटलशी झाली आणि पाचवा, निर्णायक सामना १५ इनिंगपर्यंत गेला. आपल्याकडे ११ ऑक्टोबरच्या सकाळी साडेपाचनंतर सुरू झालेला तो सामना सुमारे पाच तास चालला. स्कूबलने १३ स्ट्राइक आउट केले, तरीही सिअ‍ॅटल ३-२ असे जिंकले, कारण स्कूबल गेल्यानंतर नऊ इनिंग इतर पिचरना खेळून काढायच्या होत्या. एका पिचरचा उपयोग कोठपर्यंत, हे याहून स्पष्ट दिसणे कठीण.

प्रश्न : सप्टेंबरमध्ये आमच्या आवडत्या संघातील मुख्य खेळाडू जखमी झाला तर दुसऱ्या संघाकडून कोणी विकत घेता येतो का? (एक वाचक, कागल)

उत्तर : अदलाबदलीची मुदत तेव्हा संपलेली असते. इतरांनी मोकळा केलेला खेळाडू घेता येतो, पण त्याचा उपयोग फक्त सप्टेंबरपुरताच होतो. ३१ ऑगस्टपर्यंत जो खेळाडू त्या संघाच्या किंवा त्याच्या खालच्या लीगमधील शाखांच्या सेवेत असतो तोच प्लेऑफमध्ये खेळण्यास पात्र ठरतो. म्हणून चांगल्या संघांची खरी खरेदी जुलैअखेरीस होते, ऑगस्टमध्ये इतरांनी मोकळे केलेले खेळाडू उचलले जातात, आणि १ सप्टेंबरनंतर जखमी झालेल्याची जागा आपल्याच खालच्या लीगमधून भरावी लागते. २८ जणांत पिचर जास्तीत जास्त १४ ठेवता येतात आणि प्लेऑफमध्ये संघ पुन्हा २६ जणांचा होतो; तेव्हा सप्टेंबरमध्ये चमकलेला प्रत्येक तरुण ऑक्टोबरमध्ये दिसेलच, असे गृहीत धरू नये.